जुना फौजी ट्रक, नवं डिझेल इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसान वनटन आणि जोंगा घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मंडळींचे प्रश्न वर्षभर येत असतात. बहुतेकांचा रोख एकच: पेट्रोल परवडत नाही, डिझेल इंजिन टाकायचंय, काय करू? त्यांतले नेहमीचे प्रश्न खाली सोप्यापासून किचकटापर्यंत लावले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. या गाडीत केलेला बदल कागदावर बसला पाहिजे, आणि उद्या कुणाला मूळ इंजिन परत बसवावंसं वाटलं तर तेही बसलं पाहिजे. या दोन कसोट्यांवर न उतरणारं काम मी कुणाला सुचवत नाही.

१. निसान वनटन, जोंगा आणि शक्तिमान यांत फरक काय? माझ्याकडची नेमकी कोणती?

तिन्ही जबलपूरच्या आयुध कारखान्यांतून आल्या, म्हणून गोंधळ होतो. शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला मोठा ट्रक. तो मुळातच डिझेल आहे, त्यामुळे या पानावरचे निम्मे प्रश्न त्याला लागू नाहीत. वनटन म्हणजे निसानचा 'कॅरिअर' हा एक टनी ट्रक, लष्करात सगळे त्याला नुसतं 'निसान' म्हणत. जोंगा ही निसानच्या 'पट्रोल' (Patrol) ६० या जीपवर बेतलेली गाडी. तिचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं.

वनटन आणि जोंगा यांत निसानचं 'पी' इंजिन असतं: सरळ ओळीत सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, कार्बोरेटरवर चालणारं पेट्रोल इंजिन. गाडीचं वय शोधायचं असेल तर बंपरवरचा किंवा दारावरचा नागरी रंग हलक्या हातानं खरवडून बघा. खाली लष्करी नंबर सापडला तर वर तोंड केलेल्या बाणानंतरचे पहिले दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात दाखल झाल्याचं वर्ष.

२. लष्कराच्या लिलावात अशी गाडी आजही मिळते का?

पूर्वीसारखी नाही. एके काळी डेपोंच्या लिलावातून लॉटच्या लॉट बाहेर पडत आणि डिस्पोजलचा धंदा त्यावरच चाले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रातच द्याव्या लागतात. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी प्रत्यक्ष मोहिमेत वापरल्या जाणाऱ्या खास गाड्या तेवढ्या यातून वगळल्या आहेत. तसंही वनटन आणि जोंगा लष्करातून केव्हाच निवृत्त झाल्या. आज मिळते ती गाडी बहुधा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या खाजगी मालकाकडून.

म्हणून गाडीआधी टीसी बुक (गाडीचं नोंदणी पुस्तक, म्हणजे आरसी) मागा. लष्करात असताना गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली असते. ती खाजगी मालकाकडे आली की इतर कोणत्याही गाडीसारखी आरटीओत नोंदवावी लागते. लिलावाची पावती आहे, पण नोंदणी कधी झालीच नाही, अशा गाड्या शेताच्या बांधावर अजून उभ्या दिसतात. त्या रस्त्यावर आणता येतील असं गृहीत धरून पैसे मोजू नका.

३. इंजिन बदलायलाच हवं का? मूळ इंजिन इतकं वाईट आहे का?

वाईट अजिबात नाही. पी इंजिन कमी फेऱ्यांवर जोरदार ओढतं, आवाजाला गोड आहे आणि बिडाचं असल्यानं बोअर करून, लायनर टाकून पुन्हा उभं राहतं. निसाननं हेच इंजिन आपल्या जीपमध्येही बरीच वर्षं बसवलं, त्यामुळे गॅस्केट, रिंगा आणि बेअरिंगं परदेशातून मागवता येतात.

अडचण इंधनाची. लिटरला चार-पाच किलोमीटर मिळाले तर मालक खूश असतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा त्यानं फुगतात, चिरतात. पण त्यासाठी इंजिन फेकायची गरज नाही. इथेनॉलला टिकणारे पाइप, नवा पडदा आणि कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) किंचित मोठं केलं की गाडी व्यवस्थित चालते. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटरच फिरणार असाल तर डिझेलचा खर्च कधी वसूल होणार, याचा हिशेब कागदावर मांडून बघा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी हाच सल्ला देतो: मूळ इंजिन चालू असेल तर तेच बांधा.

४. पेट्रोलचं डिझेल करणं कायदेशीर आहे का? आमचा मेस्त्री म्हणतो, आरटीओत सगळं होतं.

मेस्त्री ज्या काळाबद्दल बोलतोय तो काळ गेला. १९८०-९० च्या दशकांत कितीतरी जीपा, जोंगा डिझेल झाल्या आणि टीसी बुकावर तशी नोंदही झाली. आता कलम ५२ नुसार, उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठाम केलं.

याच कलमात इंधन बदलण्यासाठी वाट ठेवली आहे. ती मान्यताप्राप्त किटची आहे. किटला चाचणी संस्थेची मंजुरी लागते. अशा संस्थांची यादी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये आहे आणि तिच्यात पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई ही आपल्याकडची नावं आहेत. मात्र मंजुरी मिळते ती किट बनवणाऱ्याला, ठरावीक मॉडेलसाठी. सीएनजीचं, विजेचं किट असं मंजूर होतं. भंगार बाजारातून आणलेलं टेम्पोचं इंजिन म्हणजे किट नव्हे. वनटन किंवा जोंगासाठी डिझेलचं मंजूर किट माझ्या पाहण्यात नाही.

परवानगीशिवाय बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न आणखी गंभीर होतो (प्रश्न १८).

तेव्हा थोडक्यात असं: टीसी बुकावर पेट्रोल असेल आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर पेट्रोलच ठेवा. इथून पुढचे तांत्रिक प्रश्न दोन प्रकारच्या मालकांसाठी आहेत. एक, ज्यांच्या कागदावर डिझेल आधीच आहे (प्रश्न ५). दोन, ज्यांची गाडी कुंपणाच्या आतच राहणार आहे (प्रश्न ७).

५. माझ्या टीसी बुकावर आधीच 'डिझेल' लिहिलंय. मग मी कोणतंही डिझेल इंजिन टाकू शकतो?

कोणतंही नाही. जे इंजिन नोंदलंय त्याच कंपनीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन बदली म्हणून बसवणं, ही तुमची सोपी वाट. आधी आरटीओची लेखी मंजुरी घ्या, मग इंजिन उतरवा. काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. इंजिन घेतलं त्याचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद जपून ठेवा. भंगार बाजारात बिल न देणाऱ्याकडून इंजिन घेतलं आणि नंबर चोरीच्या गाडीचा निघाला, तर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जाईल.

एक वेगळी शक्यताही तपासा. १९९० च्या दशकात जबलपूरच्या कारखान्यानं थोड्या जोंगा सामान्य ग्राहकांना विकल्या. त्यांत अशोक लेलँडचं हिनो बनावटीचं डिझेल इंजिन होतं. तुमची जोंगा त्यांतली असेल तर डिझेल हाच तिचा मूळ तपशील ठरतो आणि तुमची बाजू बरीच भक्कम होते. पहिल्या विक्रीचं बिल शोधा.

६. गाडीला पन्नास वर्षं झाली. विंटेज म्हणून नोंदवून मग डिझेल टाकलं तर चालेल ना?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनं आलेल्या विंटेज नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी लागते आणि तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. डिझेल टाकलं की तुमचा दावा तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. हे नियम दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या, म्हणजे माणसं नेणाऱ्या छोट्या चारचाकींसाठी आहेत. मालवाहू ट्रक त्यांत बसत नाही. जोंगाला संधी आहे, मालवाहू म्हणून नोंदलेल्या वनटनला नाही. नोंदणी फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरण ५,००० रुपये, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर नेता येते. रोजच्या वापराला नाही.

७. गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. शेतावर, फार्महाउसवर फिरवणार. तरी कागद लागतात?

स्वतःच्या कुंपणाच्या आत फिरवताना आरटीओचा संबंध येत नाही. पण फाटकाबाहेरचा गावरस्ता हा सार्वजनिक रस्ताच. दोन शेतांमधला पन्नास मीटरचा डांबरी तुकडाही. गाडी हलवायची तर दुसऱ्या ट्रकवर चढवून हलवा. ऑफरोड स्पर्धेला नेतानाही हाच नियम, आणि आयोजकांना बदललेलं इंजिन चालतं का ते आधी विचारा. मालकीची पावती मात्र कायम हाताशी असू द्या.

८. गाडी आणली. पहिल्यांदा इंजिन उतरवू का?

नको. पहिल्यांदा ब्रेक, स्टीअरिंग, चाकं आणि चेसिस. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेकचे सिलिंडर आतून गंजलेले, रबरी पाइप आतल्या आत बंद झालेले आणि ॲक्सलची सीलं वाळलेली असतात. मोठं इंजिन टाकून गाडी थांबवता येत नसेल तर काय उपयोग?

चाकांबद्दल कृपया नीट वाचा. फौजी गाड्यांत बऱ्याचदा दोन भागांची रिम असते आणि ती बोल्टांच्या गोलानं जोडलेली असते. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सैल केले तर अर्धी रिम तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. यात माणसं मेली आहेत. व्हॉल्व्हमधली पिन पूर्ण काढा, हवा संपली याची तार घालून खात्री करा, मगच रिमच्या नटाला हात लावा. रिमचे नट वेगळ्या रंगानं रंगवून ठेवा, म्हणजे पंक्चर काढणाऱ्याचाही जीव वाचेल.

गंज शोधायचा तर पाय ठेवायची जागा, बॅटरीचा कप्पा, बॉडी चेसिसवर बसते ते बिंदू आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर बघा. कोकणातली गाडी असेल तर चेसिसच्या आत हातोडीनं ठोकून आवाज ऐका. टणक पत्रा वाजतो, कुजलेला थपथपतो. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. पाण्यानं ओली करून पुसा आणि चांगला मास्क लावा.

९. कोणतं इंजिन टाकू? जास्तीत जास्त पॉवरचं हवंय.

पॉवरचा आकडा बाजूला ठेवा. या गाडीला हवा असतो कमी फेऱ्यांवरचा ओढा, तालुक्याच्या गावी मिळणारा स्पेअर आणि मूळ ॲक्सलला झेपेल इतकाच जोर. (कागदावर आधीच डिझेल असेल तर निवड कागदानंच ठरवली आहे, प्रश्न ५ पाहा.)

साधी मेकॅनिकल पंपाची इंजिनं अजूनही सर्वांत सोयीची. टाटा ४०७ चं ४९७ इंजिन, चार सिलिंडर, २९५६ सीसी. जोंगाला हे पुरेसं आहे आणि त्याचा स्पेअर मिळत नाही असं गाव महाराष्ट्रात सापडणं कठीण. आयशर कँटरचं मित्सुबिशी वंशाचं ३२९८ सीसी किंवा स्वराज माझदाचं ३४५५ सीसी इंजिन वनटनला जास्त शोभतं, कारण वजनदार गाडीला उठवायला थोडी मोठी क्षमता बरी पडते. महिंद्रचं जुनं २५२३ सीसी डीआय स्वस्तात मिळतं म्हणून लोक टाकतात. वनटनमध्ये ते घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ देत नाही. उलट टोकाला टाटाचं ६९७, सहा सिलिंडर, ५६७५ सीसी. ते लांब आहे, जड आहे आणि पुढच्या ॲक्सलचा, पाट्यांचा, गिअरबॉक्सचा जीव काढतं. ते टाकू नका.

निवड पक्की करण्याआधी टेप घेऊन तीन मापं काढा. पहिलं, सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) पुढे खोल आहे की मागे. पुढचं ॲक्सल पूर्ण वर आलं, म्हणजे पाटे बंपस्टॉपला टेकले, तरी डिफरन्शियलचा गोळा सम्पला लागता कामा नये. दुसरं, फ्युएल पंप किंवा एक्झॉस्ट स्टीअरिंग बॉक्सवर येतो का. तिसरं, पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्यावर बसतो का. चार सिलिंडरचं इंजिन सहाच्या जागी येतं तेव्हा पुढे मोकळी जागा राहते. ती भरून काढायला इंजिन पुढे सरकवू नका. गिअरबॉक्स मूळ जागी राहू द्या आणि पंख्याभोवती खोल झाकण बनवा.

१०. डिझेल टाकल्यावर टॉप स्पीड का घटतो? आधी कुणी सांगितलंच नाही.

कारण पी इंजिन जितक्या फेऱ्या घेतं तितक्या टेम्पोचं डिझेल घेत नाही. त्याचा गव्हर्नर (फेऱ्यांना लगाम घालणारा भाग) मिनिटाला साधारण २८०० ते ३२०० फेऱ्यांना हात आखडतो. ॲक्सलचं प्रमाण मात्र मूळ इंजिनाच्या हिशेबानं ठरलेलं असतं. हा हिशेब इंजिन घ्यायच्या आधी करायचा असतो आणि तो घरच्या घरी होतो.

मागची दोन्ही चाकं उचलून गाडी घट्ट स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल. जॉइंट शाफ्टवर खडूनं खूण करा. दोन माणसांनी दोन्ही चाकं एकदमच, एकाच दिशेला दहा वेळा फिरवायची आणि तिसऱ्यानं शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. एकच चाक फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं आणि आकडा चुकतो. शाफ्ट ४९ वेळा फिरला तर प्रमाण ४.९. मग गाडी खाली घेऊन टायरला खूण करा, एक पूर्ण फेरी ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. समजा ते २.७ मीटर भरलं.

टॉप गिअर थेट असेल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणारी पेटी) 'हाय'ला एकास एक असेल, तर वेग म्हणजे फेऱ्या गुणिले परीघ गुणिले ६०, भागिले १००० गुणिले प्रमाण. २२०० फेऱ्यांना ताशी ७३ किलोमीटर, २५०० ला ८३, ३२०० ला १०६. म्हणजे इंजिन खूश राहील त्या फेऱ्यांवर ही गाडी ७० ते ८० ला पळते. जुन्या ड्रम ब्रेकच्या ट्रकला तेवढा वेग योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. मोठे टायर टाकून वेग वाढवायचा मोह होतो, पण त्यानं चढावरचा जोर जातो, स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेक आणखी कमी पडतात.

११. महिंद्रचं एमहॉक किंवा सफारीचं डायकॉर टाकलं तर? नवीन तंत्रज्ञान आहे.

इंजिनं उत्तम आहेत. सफारीचं तीन लिटर डायकॉर तर २९५६ सीसीचंच, कॉमन रेलवर (कंट्रोलरच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या हुकमानं डिझेल सोडणाऱ्या यंत्रणेवर) चालणारं. प्रश्न वायरिंगचा. कॉमन रेल इंजिन कंट्रोलरशिवाय सुरूच होत नाही, आणि कंट्रोलर इंजिनाव्यतिरिक्त बऱ्याच गोष्टींकडून निरोपाची वाट पाहत असतो: चावीचा इमोबिलायझर, ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर, क्लच आणि ब्रेकचे स्विच, कधी गाडीच्या वेगाचा सिग्नल. एक निरोप आला नाही की इंजिन अर्ध्या जोरावर चालतं.

म्हणून नुसतं इंजिन विकत घेऊ नका. पूर्ण गाडी घ्या, किंवा निदान त्याच गाडीतलं इंजिन, कंट्रोलर, चावी, पेडल आणि वायरिंगचा न कापलेला जुडगा एकत्र घ्या. बीएस-६ गाडीतलं, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरचं इंजिन टाळा. धुराच्या शुद्धीकरणाची सगळी यंत्रणा सोबत आणावी लागते आणि तिला या ट्रकखाली जागा नाही. कंट्रोलर बॉनेटखाली नको, केबिनमध्ये उंचावर बसवा. ओढ्यातून गाडी घालायची हौस सगळ्यांनाच असते.

१२. मूळ गिअरबॉक्स ठेवावा की इंजिनासोबतचा घ्यावा?

आधी गाडीखाली वाकून बघा: ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला आहे की मध्ये छोटा शाफ्ट आहे. चिकटलेला असेल तर मूळ गिअरबॉक्स ठेवून ॲडॅप्टर प्लेट (नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स जोडणारी पाटी) करणंच शहाणपणाचं. सुटा असेल तर नव्या इंजिनाचा गिअरबॉक्स घेऊन मधला शाफ्ट नव्या मापाचा करता येतो. तो पाचगिअरी असेल तर प्रश्न १० ची अडचणही कमी होते.

ॲडॅप्टर प्लेट म्हणजे भोकं पाडलेली जाड पाटी, असं समजून गावच्या लेथवर ती बनवून घेतात आणि मग वर्षभरात गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. खरं काम आहे ते क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणण्याचं. प्लेट आणि बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं घंटेसारखं कवच) इंजिनावर कसा. फ्लायव्हीलवर डायल गेजचं चुंबक लावा, काटा बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हातानं सावकाश फिरवा. पूर्ण फेरीत काटा ०.१३ मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. जास्त हलला तर प्लेट सरकवून, पुन्हा मोजून, मगच डॉवेल पिनांची भोकं पक्की करायची. यात दिवस गेला तरी जाऊ द्या. बोल्ट फक्त दाबून धरतात, जागा डॉवेल ठरवते.

क्लचसाठी प्रेशर प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलची आणि क्लच प्लेटचा मधला आटा (दातेरी भोक) मूळ गिअरबॉक्सच्या शाफ्टचा, अशी जोडी जमवावी लागते. क्लच दुरुस्तीवाले ती रिव्हेट करून देतात. क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग विसरू नका. ते नसेल तर शाफ्टचं टोक लोंबकळतं.

१३. इंजिनाच्या माउंटिंगसाठी चेसिसचा मधला आडवा रूळ कापू का?

कापू नका. नवे ब्रॅकेट चेसिसच्या उभ्या बाजूला चांगल्या प्रतीच्या बोल्टांनी बसवा. वरच्या-खालच्या पट्टीला आडवं वेल्डिंग केलं की नेमकी तिथेच पुढे भेग जाते. रूळ आड येतच असेल तर तो पूर्ण काढून ठेवा आणि त्याच भोकांत बसणारा खोलगट नवा रूळ बनवा. मूळ रूळ गुंडाळून माळ्यावर. चार सिलिंडरचं डिझेल सहा सिलिंडरच्या पेट्रोलपेक्षा जास्त थरथरतं, तेव्हा माउंटिंगचं रबर ज्या गाडीचं इंजिन आहे तिचंच आणि नवं घ्या. जॉइंट शाफ्टचे दोन्ही टोकांचे कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळले पाहिजेत, नाहीतर क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात.

१४. पेट्रोलची टाकी तशीच वापरू शकतो का?

धुऊन, आतला गंज काढून वापरता येते, पण आत जस्ताचा मुलामा असेल तर नको. डिझेल जस्त विरघळवतं आणि ते नोझलमध्ये जाऊन बसतं. डिझेलला परतीचा पाइप लागतो, तो टाकीत तळापर्यंत नेऊन ओढणाऱ्या पाइपापासून दूर सोडा. पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच. टाकीला गॅस वेल्डिंग करायचं असेल तर ते काम रोज करणाऱ्याकडेच द्या. रिकामी वाटणारी पेट्रोलची टाकीच जास्त धोकादायक असते.

१५. इंजिन बदलल्यावर ब्रेक दगडासारखा झाला. असं का?

पेट्रोल इंजिन श्वास घेताना व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेक बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला तसा थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूमही नाही. अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर घ्या, टेम्पोंना तोच असतो. व्हॅक्यूमची टाकी आणि एकेरी व्हॉल्व्ह दोन्ही बसवा, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन ब्रेक हाताशी राहतात. उतारावर पेट्रोलसारखं इंजिन ब्रेकिंग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ज्या गिअरवर चढलात त्याच्या एक खालच्या गिअरवर उतरा.

१६. माझी गाडी २४ व्होल्टची आहे आणि नवं इंजिन १२ व्होल्टचं. दोन्ही ठेवू का?

दोन्ही ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. पूर्ण गाडी १२ व्होल्टवर आणा: बल्ब, हॉर्न, वायपरची मोटर, फ्लॅशर, मीटर. जुन्या मीटरांच्या चकत्या सुंदर असतात. त्या टाकू नका, आतला भाग बदलून घ्या. डिझेलचा सेल्फ भरपूर करंट ओढतो, म्हणून बॅटरीची केबल जाड हवी आणि अर्थची जाड केबल इंजिन ते चेसिस वेगळी टाका. निम्मी 'सेल्फ मरतोय' तक्रार या एका केबलची असते.

१७. ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ का? फौजी गाडी फौजी दिसायला हवी.

भावना कळते, पण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याची गाडी सोडून कुणी ऑलिव्ह ग्रीन रंग वापरू नये. बाणाचा नंबर, तुकडीची चिन्हं हेही रस्त्यावरच्या गाडीवर नको. वाळूचा रंग, करडा, गडद निळा हे या गाड्यांना छान दिसतात. मूळ रंगाचा एक चौकोन दाराच्या आतल्या बाजूला न घासता ठेवा, पुढच्या मालकाला गाडीचा इतिहास तिथे वाचता येईल.

१८. विमा कंपनीला इंजिन बदलल्याचं सांगायलाच हवं का?

हो, लेखी. टीसी बुकावर चढलेला नवा नंबर पॉलिसीवरही यायला हवा. न सांगता चालवलेल्या गाडीचा दावा फेटाळण्याचं कारण तुम्ही स्वतःच कंपनीच्या हातात देता, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई अखेर तुमच्याकडून वसूल होऊ शकते.

१९. दुसऱ्यानं डिझेल केलेली गाडी घेतोय. काय पाहू?

चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः बघून टीसी बुकाशी आणि ऑनलाइन नोंदीशी जुळवा. 'इंधन' या रकान्यात काय आहे ते वाचा. मग गाडी गार असताना सुरू करायला लावा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का ऐका (प्रश्न १२ चं बेअरिंग). खाली झोपून माउंटिंगजवळ वेल्डिंग आणि भेगा शोधा (प्रश्न १३).

शेवटी घाट चढवा. कात्रज, कसारा, जवळचा कोणताही. दुपारच्या उन्हात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. काटा चढतच राहिला तर पंख्याचं झाकण नसणं, पंखा मध्यावर नसणं किंवा रेडिएटर निम्मा बुजलेला असणं, यांतलं काहीतरी आहे. हे दुरुस्त होतं. कागदातली चूक सहसा होत नाही, म्हणून कागद आधी.

२०. काढलेलं पी इंजिन भंगारात दिलं तर बरे पैसे येतील का?

देऊ नका. ते गाडीसोबतच राहायला हवं. पाणी आणि जुनं ऑइल पूर्ण काढा, नवं ऑइल भरा. प्रत्येक प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून क्रँक हातानं दोन-चार फेऱ्या फिरवा आणि प्लग परत बसवा. कार्बोरेटरची आणि एक्झॉस्टची तोंडं लाकडी फळीनं बंद करा, चिंधी कोंबू नका, ती ओल धरते आणि उंदीर घर करतात. लोखंडी घोड्यावर, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी क्रँक अर्धा फेरा फिरवा. इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो, मूळ माउंटिंग, बेल हाउसिंग, एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची जोडणी एकाच पेटीत ठेवा आणि पेटीवर गाडीचा चेसिस नंबर लिहा. गाडी विकाल तेव्हा ती पेटी आणि इंजिन सौद्यातच द्या.